जहाजांचा ताफा म्हणावं की काफिला?

मुलीच्या व्याकरणाच्या पुस्तकात 'जहाजांचा काफिला' आहे, पेपरात मात्र 'ताफा' येतो, मग बरोबर काय, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही बरोबर. परीक्षेत पुस्तकातलंच लिहू द्या, उगाच मार्क कशाला घालवायचे!

फरक मात्र आहे. काफिला वाटेवरचा. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजं युद्धनौकांच्या पहाऱ्यात एकजुटीनं अटलांटिक ओलांडायची, तो काफिला. बंदर आलं की मोडला. ताफ्याला वाट लागत नाही, मालक किंवा हुकूम एक लागतो. एकाच कंपनीची दहा जहाजं दहा बंदरांत असली तरी ताफा एकच. मंत्र्यांच्या गाड्यांचाही ताफाच असतो, तो त्यामुळंच.

आरमार हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. तो नुसत्या घोळक्याला लावू नये. जहाजं, तोफा, खलाशी, गोदी, सगळं धरून आरमार होतं. आज त्याला आपण नौदल म्हणतो. त्याच्या पोटातल्या तुकडीला शिवकाळात 'सुभा' म्हणत. सभासदाच्या बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात, दोनशे जहाजांचा एक सुभा आहे, आणि सुभेदार म्हणून दर्यासारंग नि मायनाक भंडारी. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभारावरचा ग्रंथ, मात्र दर सुभ्याला पाच गुराबा आणि पंधरा गलबतं पुरे म्हणतं. गुराब मोठी, तोफांची. गलबत लहान नि चपळ, वारा पडला तर वल्ह्यांवर चालणारं. दोनशे कुठं नि वीस कुठं! म्हणजे सुभा आकड्यावर नव्हे, सुभेदारावर ठरायचा. आणि हे आरमार पुढं आलं आमच्या बिनसमुद्राच्या साताऱ्याच्या छत्राखाली: 1714 साली कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षात आले, ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, म्हणूनच.

होड्यांना असा खास शब्द मला तरी कधी लागला नाही. बामणोलीला कोयनेच्या काठाशी नाकाला नाक लावून बोटी बांधलेल्या असतात, नावाडी पाण्याच्या डब्यानं तळातलं पाणी उपसत बसलेला असतो, पण तिथं कुणी 'नौकांचा समूह' म्हणत नाही. 'बोटी लागल्यात' म्हटलं की झालं.

मुलीला एक सांगून ठेवा. बामणोली-तापोळ्याकडं जीपगाड्या पलीकडं नेतो तो तराफा. शिकवणीला येणारी पोरं ताफ्याच्या जागी हमखास तेच लिहितात.