चिखलातला तंबू आणि ‘नो रिफंड’ची अट

प्रश्न थोडक्यात: आम्ही स्लाऊला राहतो. सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रांप्री या मोटार शर्यतीसाठी सर्किटजवळच्या एका शेतावर चार रात्रींची तंबूची जागा घेतली. वीज आणि गरम पाण्याचे शॉवर धरून 380 पौंड, माझ्या क्रेडिट कार्डावरून. पोचलो तर शेतात चिखल, म्हणून चार मैलांवरच्या दुसऱ्या शेतात पाठवलं. तिथे वीज नाही, शॉवर नाहीत. निघताना त्यांच्या माणसाने ट्रॅक्टरने आमची गाडी ओढली आणि बंपर निखळला. मालक म्हणतात, ‘नो रिफंड’ लिहिलंच होतं.

उत्तर: ती अट वाचून खचू नका. तुम्ही आपणहून बेत रद्द केला असता, तर ती आडवी आली असती. ठरलेल्या तारखांच्या अशा बुकिंगला ऑनलाइन खरेदीची 14 दिवसांची मुभाही नसते. पण तुम्ही काहीच रद्द केलेलं नाही. कबूल केलेलं तुम्हाला मिळालं नाही. जी माहिती वाचून तुम्ही पैसे भरलेत, ती 2015च्या ब्रिटिश ग्राहक हक्क कायद्यानुसार कराराचाच भाग धरली जाते. जाहिरातीतलं अंतर, वीज, शॉवर असलेलं पान अजून दिसत असेल तर आजच त्याचा स्क्रीनशॉट घ्या.

पाऊस मालकांनी पाडला नाही, हे खरं. पण सिल्व्हरस्टोनला चिखल नवा नाही. 2000 साली शर्यत एप्रिलमध्ये, ईस्टरला झाली तेव्हा पार्किंगच्या शेतांची दलदल झाली आणि शनिवारी प्रेक्षकांना येऊ नका म्हणून सांगावं लागलं. तिथे शेत भाड्याने देणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

तरी पूर्ण 380 मागू नका. चार रात्री तुम्ही तिथे झोपलात. माझ्या मते निम्मी रक्कम आणि जादा टॅक्सीच्या पावत्या, एवढं टिकेल.

बंपरचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. फोटो मोठे करून पाहा. बऱ्याच गाड्यांच्या बंपरवर एक छोटं चौकोनी झाकण असतं. त्यामागे ओढण्याची कडी बसवायची असते. झाकण जागच्या जागी असेल, तर कडी लावलीच नव्हती आणि पट्टा भलतीकडेच अडकवला होता. हा सरळ निष्काळजीपणा. फाटकावर ‘गाडी आपल्या जबाबदारीवर’ अशी पाटी असली, तरी अन्यायकारक अट ग्राहकावर बंधनकारक नसते. मात्र पट्टा तुमच्यापैकी कोणी बांधला असेल तर मला आधी सांगा, बाजू कमजोर होते.

मालकांना ईमेल करा, 14 दिवसांची मुदत द्या, गॅरेजचं कोटेशन जोडा. दाद मिळाली नाही तर बँकेकडे 1974च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75 खाली दावा करा. 100 पौंडांहून जास्त किमतीच्या खरेदीत कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. बुकिंग मधल्या एजंटामार्फत असेल तर बँक खळखळ करेल. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समन, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा स्वतंत्र लवाद, फुकट तक्रार ऐकतो. शेवटी छोट्या रकमांच्या दाव्यांसाठीचं स्मॉल क्लेम्स कोर्ट आहेच, तिथे वकील लागत नाही.

आणि मालकांनी पुढच्या वर्षीची जागा निम्म्या दरात देऊ केली, तर ‘संपूर्ण व अंतिम तडजोड’ असं लिहिलेल्या कागदावर बंपरचे पैसे हातात पडेपर्यंत सही करू नका.