इंडियन ऑइल, एचपी, भारत पेट्रोलियम: कंपनी बदलल्याने गाडीच्या पळण्यात फरक पडतो का?

साध्या पेट्रोलमध्ये जाणवण्याइतका फरक पडत नाही. बीएस-६ या प्रदूषण मानकाप्रमाणे ठरलेलं किमान ऑक्टेन (इंजिनात वेळेआधी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता) आणि गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), हे सगळ्यांनाच बंधनकारक आहे. शिवाय या कंपन्या एकमेकींच्या रिफायनरी-डेपोतूनही माल उचलतात. वेगळं असतं ते फक्त चिमूटभर अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे इंजिन स्वच्छ ठेवायला मिसळलेली रसायनं. खरा फरक पडतो तो पंपामुळे. भूमिगत टाकीत पावसाचं पाणी शिरलं की पेट्रोलमधलं इथेनॉल ते शोषतं आणि प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. तेच गाडीच्या टाकीत आलं तर गाडी धक्के खाते, सकाळी स्टार्ट होत नाही. म्हणून जास्त खपाचा पंप निवडा आणि शंका आली तर हे बिनधास्त मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे:

- फिल्टर पेपर: नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाका. दोनेक मिनिटांत डाग न राहता उडायला हवा. फिकट गुलाबी छटा चालते, ती रंगाची असते.
- घनता: १५ अंशांवरची घनता पंपाच्या नोंदवहीतल्या आकड्यापासून ±३ किलो प्रति घनमीटरच्या आत हवी.

जास्त ऑक्टेनच्या महागड्या (प्रीमियम) पेट्रोलचं मात्र वेगळं: मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल किंवा चढावर इंजिन नॉकिंग करत असेल (खडखड असा ठोके मारल्यासारखा आवाज येत असेल), तरच जादा पैसे मोजा.