कपाट रविवारी आवरलं, अंथरूण मंगळवारी धरलं

प्रश्न : वय ३८, प्राथमिक शाळेत शिक्षिका. आठ महिन्यांपूर्वी चिकुनगुनिया झाला. ताप गेला, सांधेही बरेच मोकळे झाले, पण थकवा हटत नाही. रविवारी कपाट आवरलं तर मंगळवारी अंथरुणातून उठवत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जडच. घरात ‘आळस भरलाय’ असं ऐकावं लागतं. हा क्रॉनिक फटीग सिंड्रोम असेल का?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य रविवार-मंगळवारचं आहे. आळशी माणूस कपाट उघडतच नाही. तुम्ही ते आवरता आणि दोन दिवसांनी भोगता. या आजाराची मुख्य खूण हीच, तिला पोस्ट-एक्झर्शनल मलेज म्हणतात. श्रमानंतर बहुधा १२ ते ४८ तासांनी तब्येत ढासळते आणि सावरायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. श्रम अंगमेहनतीचेच असतात असं नाही. पेपर तपासणं, लग्नघरात दोन तास बोलत बसणं, घरातलं एखादं भांडण, एवढंही पुरतं. घसा दुखतो, अंग मोडून येतं, कणकण वाटते आणि मग ‘पुन्हा व्हायरल झालं’ अशी समजूत होते.

अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये ठरवलेले निकष मी वापरतो. सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेला, पूर्वी कधी नसलेला थकवा, जो विश्रांतीने फारसा उतरत नाही आणि ज्यामुळे रोजची कामं बरीच कमी झाली आहेत. श्रमानंतरची ही घसरण. आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं. ही तिन्ही हवीतच. शिवाय पुढच्या दोहोंपैकी एक हवं, त्याबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. फळ्यावर लिहिताना शब्द मध्येच हरवतो का, रोजच्या मुलांची नावं आठवेनाशी होतात का? किंवा परिपाठाला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आडवं झाल्यावरच बरं वाटतं का?

एक मात्र आधी करा. चिकुनगुनियानंतर सांध्यांची सूज महिनोन्‌महिने रेंगाळू शकते आणि तिच्यामुळेही माणूस थकतो. ती तपासून घ्या. आणि हे उत्तर घरात मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मग मला आजार आहे की नाही?

असू शकतो. हा आजार सिद्ध करणारी रक्ततपासणी अजून हाती नाही. तपासण्या करायच्या त्या थकव्याची दुसरी कारणं हुडकायला. म्हणून मी विचारेन, ‘सगळे’ म्हणजे कोणते? हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, साखर, बी-१२, किडनी, लिव्हर, ईएसआर एवढं तरी झालेलं हवं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्त कमी असतं, तेव्हा सुरुवात तिथूनच. संध्याकाळी बारीक ताप येऊन वजन घटत असेल तर क्षयाचा विचार हवा, मोठ्याने घोरत असाल तर स्लीप ॲप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा.

‘टेन्शन’बद्दल. नैराश्यात बहुधा कशातच रस उरत नाही. इथे करायचं खूप असतं, शरीर साथ देत नाही. ‘उद्या एकदम बऱ्या झालात तर काय कराल?’ असं मी विचारतो. एक बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, ‘आधी माळ्यावरचे डबे खाली काढून घासीन, मग आईकडे जाईन.’ (दोन्ही आजार एकत्र असू शकतात, तेव्हा नैराश्यावरही उपचार हवेतच.)

१९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर-नर्सांमध्ये अशाच आजाराची साथ आली होती. १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी तिला सामूहिक हिस्टेरिया ठरवलं. त्या शिक्क्याची झळ रुग्णांना आजही लागते, याचा मला राग येतो.

प्रश्न : पत्नीला या आजाराचं निदान झालंय. जिमचा ट्रेनर म्हणतो, रोज थोडी थोडी पावलं वाढवत न्या, ताकद येईल. ऐकावं का?

नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम सुचवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत असा ठरावीक पद्धतीने वाढवत नेलेला व्यायाम या रुग्णांना देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याऐवजी पेसिंग करायचं, म्हणजे अंगात असलेल्या शक्तीच्या आतच दिवस बसवायचा. भाजी सकाळी निवडावी, पोळ्या बसून लाटाव्यात, त्याही कुणी दुसऱ्याने लाटल्या तर उत्तम. आंघोळीला स्टूल ठेवा. सगळ्यात घातक असतो तो बरा वाटणारा दिवस, कारण त्या दिवशी आठवड्याची तुंबलेली कामं उरकली जातात. त्या दिवशी तुम्ही घरी थांबून पत्नीला अडवा.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा. डेंग्यूनंतर उभं राहिलं की गरगरतं, धडधडतं. कॉलेज बुडतंय.

दहा मिनिटं आडवं झोपवून नाडी मोजा. मग भिंतीला टेकून उभं करा आणि दहा मिनिटं, दर मिनिटाला मोजा. जवळच थांबा, भोवळ येतेय असं वाटलं तर लगेच झोपवा. या वयात ठोके ४० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहिले (प्रौढांत ३०), तर पॉट्सची, म्हणजे उभं राहताच नाडी फार वाढण्याच्या विकाराची, शंका घेऊन आकडे डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपत असेल किंवा छातीत दुखत असेल तर ही चाचणी नको, सरळ रुग्णालय गाठा.

प्रश्न : तीन आठवडे रात्रपाळी चालू आहे, फार थकतो. सुट्टीत झोप काढली की बरं वाटतं.

मग हा तो आजार नव्हे. झोप पुरी करा.

प्रश्न : डॉक्टरांकडे पाचच मिनिटं मिळतात. नेमकं काय सांगू?

दोन आठवडे एक वही ठेवा आणि तीच त्यांच्यापुढे उघडा. ‘खूप थकवा येतो’ हे त्यांनी दिवसभरात वीस जणांकडून ऐकलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा : ‘रविवार, कपाट आवरलं, एक तास. सोमवार, ठीक. मंगळवार, घसा दुखतोय, दात घासायलाही बसावं लागलं. शुक्रवार, पहिल्यांदा जिना उतरले.’