फिटनेस बँड घातल्याने वजन खरंच कमी होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बँड घातल्याने वजन उतरतं का, आणि बँड 'आज ४०० कॅलरी जळल्या' असं दाखवत असेल तर तेवढं जास्त खाल्लेलं चालतं का. पहिल्याचं उत्तर: उतरतं, पण थोडं. दुसऱ्याचं उत्तर: अजिबात नको. बँड वापरूनही काटा जागचा हलत नाही अशी तक्रार बरेच जण करतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नात असतं. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी 'थोडं' म्हणजे किती ते पाहू. साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली या विषयावरचे ३९ आढावे एकत्र करून तपासले. त्यांत मिळून सुमारे १,६४,००० लोक होते. बँड किंवा पावलं मोजणारं उपकरण वापरणारे लोक रोज सरासरी १८०० पावलं जास्त चालले आणि सुमारे पाच महिन्यांत त्यांचं वजन साधारण १ किलोने उतरलं. आता हा हिशेब स्वतः करून बघा. सपाट रस्त्यावर चालताना, नुसतं बसून राहण्याच्या तुलनेत, शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण अर्धी कॅलरी जास्त लागते. ७० किलोच्या माणसाला एका किलोमीटरला ३५ कॅलरी. १८०० पावलं म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रोजच्या ४५ कॅलरी. दीडशे दिवसांच्या झाल्या ६,७५०. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे उत्तर एक किलोच्या जरा खालीच येतं. अभ्यासातला आकडा आणि हे साधं गणित इतकं जुळतं, की बँडमध्ये वेगळी काही किमया नाही हे लगेच लक्षात येतं. तो तुम्हाला थोडं जास्त चालवतो, आणि त्या चालण्याइतकंच वजन जातं.

याच गणिताची दुसरी बाजू अशी: एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. ७० किलोच्या माणसाला त्या चालून भरून काढायच्या तर जवळजवळ ५,००० पावलं लागतात. ओतताना हात जरा सैल सुटला की तासाभराचं चालणं फुकट जातं.

आता बँडच्या विरोधात जाणारा एक अभ्यासही सांगायला हवा. पिट्सबर्ग विद्यापीठात जॉन जॅकिसिक यांच्या गटाने १८ ते ३५ वयाच्या ४७१ जणांवर दोन वर्षं प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. पहिले सहा महिने सगळ्यांना सारखाच कमी कॅलरींचा आहार, व्यायाम आणि गटात मार्गदर्शन होतं. नंतर अर्ध्यांनी आपली नोंद स्वतः वेबसाइटवर करायची होती आणि अर्ध्यांना दंडावर बांधायचं उपकरण मिळालं. दोन वर्षांनी स्वतः नोंद करणाऱ्यांचं वजन सरासरी ५.९ किलोने उतरलं होतं, उपकरणवाल्यांचं ३.५ किलोने. त्याच वर्षी सिंगापूरमधल्या ८०० नोकरदारांवरच्या अभ्यासात असं दिसलं की वर्षाअखेर जेमतेम दहा टक्के लोकांच्या अंगावर उपकरण उरलं होतं, आणि वजनात किंवा रक्तदाबात सुधारणा दिसली नाही. पहिल्या सहा महिन्यांत काहींना पैशांचं बक्षीसही होतं, तरीही. माझ्या मते यातून घ्यायची गोष्ट एवढीच: जे काम माणसाने करायचं आहे, म्हणजे काय खाल्लं ते लिहिणं आणि वजन बघून पुढचा आठवडा ठरवणं, ते काम बँड करतोय असं वाटायला लागलं की फायदा संपतो.

आता कॅलरींच्या आकड्याकडे येऊ. बँडमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि खालच्या बाजूला हिरवा दिवा. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी मोजता येते. एवढंच तो खरोखर मोजतो. कॅलरी तो मोजत नाही. तुमचं वय, उंची, वजन, लिंग, नाडी आणि हाताची हालचाल एका सूत्रात घालून अंदाज बांधतो. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली ६० जणांवर सात उपकरणं तपासली, तेव्हा सातपैकी सहांची नाडी ५ टक्क्यांच्या आत बरोबर होती. कॅलरींत मात्र सर्वांत चांगलं उपकरण सरासरी २७ टक्के चुकलं, सर्वांत वाईट ९३ टक्के. त्यानंतर उपकरणं सुधारली आहेत, पण मनगटावरून कॅलरी काढण्याची मूळ अडचण तीच आहे. उकाडा, ताण, कॉफी यांनी नाडी वाढते आणि कॅलरी विनाकारण फुगतात. नाडी कमी ठेवणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील तर उलट होतं.

दुसरी गफलत जास्त महागात पडते. समजा ४५ मिनिटं चाललात आणि बँडने २०० कॅलरी दाखवल्या. बहुतेक वेळा त्यात तुम्ही खुर्चीत बसून असता तरी लागल्या असत्या त्या ५० कॅलरी धरलेल्या असतात. म्हणजे जास्तीच्या झाल्या १५०, त्याही अंदाजाने. आता आहार नोंदवायच्या अॅपमध्ये तुम्ही 'मध्यम सक्रिय' निवडलं असेल, तर त्याने तुमचं चालणं रोजच्या गरजेत आधीच धरलेलं असतं. वर बँड त्याला जोडला की तेच चालणं पुन्हा मोजलं जातं आणि अॅप सांगतं, 'अजून २०० खाऊ शकता'. वजन उतरण्यासाठी रोजची तूट ठेवायची असते ३०० ते ५०० कॅलरींची. अशा दुहेरी हिशेबात ती निम्मी किंवा सगळीच संपते, आणि माणूस म्हणतो, 'सगळं नियमाने करतोय तरी काटा हलत नाही.' तो खोटं बोलत नसतो, त्याचा हिशेबच चुकलेला असतो.

म्हणून बँड हातात आल्यावर पहिल्याच दिवशी हे करा. घड्याळाच्या मुख्य पडद्यावरून कॅलरींचा आकडा काढून टाका, पावलं आणि नाडी ठेवा. आहाराच्या अॅपमधली 'व्यायामाच्या कॅलरी जमा करा' ही सोय बंद करा. वय, उंची, वजन खरं भरा. दोन-तीन किलो उतरले की वजन बदला. कोणत्या मनगटावर घालता ते सेटिंगमध्ये नीट सांगा. कामाच्या हातावर घातलात तर भांडी घासतानाही पावलं पडतात.

पट्टा मनगटाच्या हाडावर नको, एक बोट वर असावा. व्यायामाच्या वेळी दोन बोटं वर आणि जरा घट्ट. सैल पट्ट्यातून बाहेरचा उजेड आत शिरतो आणि नाडी भरकटते. धावताना नाडी अचानक १७० वर जाऊन चिकटली आणि दम मात्र तेवढा लागलेला नसेल, तर सेन्सर नाडीऐवजी तुमच्या पावलांचा ठोका मोजतोय. पट्टा वर सरकवून घट्ट करा. गोंदणाच्या गडद शाईवर बहुतेक बँड नीट वाचत नाहीत, तिथे दुसरं मनगट वापरावं. बाबागाडी ढकलताना किंवा सामानाची ढकलगाडी धरून चालताना हात हलत नाही, म्हणून पावलं कमी मोजली जातात. तेव्हा फोन खिशात असला तर त्याचा आकडा जास्त खरा. आणि आकडा थोडा कमीजास्त असला तरी बिघडत नाही, कारण तुलना तुमची तुमच्याशीच करायची आहे.

पावलांचं ध्येय कसं ठरवायचं? पहिले सात दिवस काहीही न बदलता नुसतं मोजा आणि सरासरी काढा. ती ४,२०० आली तर पुढचे दोन आठवडे ५,५०० ठेवा, ते जमलं की आणखी हजार-दीड हजार. एकदम १०,००० वर उडी मारली की पोटरी नाहीतर टाच दुखते आणि तिसऱ्या आठवड्यात बँड कपाटात जातो. तसा १०,००० हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राचं नावच 'दहा हजार पावलांचा मापक' अशा अर्थाचं होतं, तिथून तो रूढ झाला. २०१९ साली आय-मिन ली यांच्या गटाने वृद्ध स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा रोज ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे वाढीव फायदा थांबला. तो आकडा आयुर्मानाचा. वजनासाठी जास्त चालणं जास्त उपयोगी, पण पाय आणि वेळ साथ देतील तेवढंच. चालण्याचा वेग मिनिटाला १०० पावलांच्या वर असेल तर तो मध्यम व्यायाम धरायला हरकत नाही. पंधरा सेकंदांत २५ पावलं मोजून बघा.

बँडवरचा एक आलेख फारसं कोणी उघडत नाही: तासातासाची पावलं. सकाळी तासभर चालून आलेला माणूस 'आजचं झालं' म्हणून उरलेला दिवस नकळत खुर्चीत काढतो. व्यायामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळातली पावलं शेजारी ठेवून पाहा. व्यायामाच्या दिवशी ती निम्मी झालेली दिसली, तर सकाळची बरीचशी कमाई तिथेच गेली. दर तासाला उठायची आठवण चालू करा. बँडमधली ही साधी सोय मला सर्वांत उपयोगाची वाटते.

निकाल मात्र वजनकाट्यावर लागतो. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आदल्या दिवशीचं मीठ, पिष्टमय पदार्थ, मासिक पाळी, नव्या व्यायामाने सुजलेले स्नायू यांमुळे पाणी साठून १ ते २ किलोचा फरक सहज पडतो. आठवड्याला पाव ते पाऊण किलो उतार चांगला. चार आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर आधी खाण्याकडे बघा: दोन आठवडे स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर तेल, साखर, सुका मेवा मोजून घ्या. बहुतेकांना गळती तिथेच सापडते. नाही सापडली तर रोजच्या १५०-२०० कॅलरी कमी करा किंवा २,००० पावलं वाढवा.

वजनं उचलण्याच्या व्यायामाला बँड फार कमी कॅलरी देतो, पण तेवढ्यावरून तो व्यायाम सोडू नका. वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर आठवड्यातून दोनदा तो हवाच, आणि रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. झोपेच्या बाबतीत बँडवरचे 'गाढ झोप' वगैरे तुकडे मनावर घेऊ नका. किती वाजता आडवे झालात आणि किती तास झोपलात एवढं पुरे. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जाड व्यक्तींच्या २०२२ मधल्या अभ्यासात, ज्यांची झोप सव्वा तासाच्या आसपास वाढवली त्यांचं खाणं रोज सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. कोणताही डाएट न देता.

काहींनी बँड घालूच नये. पूर्वी खाण्याचा मानसिक आजार झालेला असेल, किंवा रात्री बारा वाजता आकडा पुरा करायला खोलीत येरझाऱ्या घालाव्या लागत असतील, जेवण आकड्याच्या भीतीने टळत असेल, तर तो काढून ठेवा आणि डॉक्टरांशी बोला.

विकत घेण्याआधी तीन आठवडे फोन खिशात ठेवून त्याच्यावर पावलं मोजा. तेवढे दिवस रोज बघितलंत, तर पावलं, नाडी आणि तासाची आठवण देणारा साधा बँड पुरेसा आहे. महागड्या बँडमधल्या जास्तीच्या सोयींनी वजनात फरक पडत नाही. आणि वजन उतरल्यावर तो काढून टाकू नका. उतरलेलं वजन टिकवताना चालण्याचा वाटा उतरवतानापेक्षा मोठा असतो. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची नोंदवही ठेवली जाते, आणि त्यातले बहुतेक जण रोज साधारण तासभर व्यायाम करतात, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. तेव्हा ध्येयाच्या वजनाला पोचाल त्या महिन्यातली पावलांची सरासरी लिहून ठेवा, तिच्या खाली जाऊ नका, आणि वजनाची साप्ताहिक सरासरी दीड किलोने वर गेली की खाण्याची नोंद पुन्हा सुरू करा.