बेळगावच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने लूसी सदरलँड यांना का वाचावे?

इतिहासकार लूसी सदरलँड (१९०३–१९८०) यांचा जन्म ऑस्ट्रेलियातला, बालपण दक्षिण आफ्रिकेतले आणि कारकीर्द ऑक्सफर्डमधली. तेथील लेडी मार्गारेट हॉल या तेव्हा केवळ स्त्रियांसाठी असलेल्या महाविद्यालयाच्या त्या १९४५ ते १९७१ या काळात प्राचार्या होत्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांचा १९५२ चा ग्रंथ, ज्यात अठराव्या शतकातील ईस्ट इंडिया कंपनीचे भागधारक, संचालक मंडळ आणि ब्रिटिश संसद यांच्यातील साटेलोटे त्यांनी बारकाईने उलगडले आहे. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला घेणारी आणि १८२४ मध्ये कित्तूरवर चालून आलेली कंपनी आपण बहुधा रणांगणावरूनच ओळखतो. त्याआधीच्या शतकात लंडनमधील मतांच्या जमवाजमवीतून तिचा कारभार कसा घडत गेला, हे मात्र (ग्रंथ काहीसा किचकट असला तरी) सदरलँड यांच्याकडूनच समजून घ्यावे.