लेट्स एन्क्रिप्ट 'मर्यादा संपली' म्हणून प्रमाणपत्र नाकारत असेल, तर काय करावे?

आपण लिहिले आहे की वाचनालयाचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवताना लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे मोफत प्रमाणपत्र (संकेतस्थळाशी जोडणी सुरक्षित आहे हे ब्राउझरला पटवणारी फाइल) अनेकदा काढून पाहिले, आणि आता 'याच नावांसाठी गेल्या १६८ तासांत ५ प्रमाणपत्रे दिली आहेत' असे सांगून विनंती नाकारली जाते. आठवडाभर संकेतस्थळ बंद ठेवावे लागेल का, असा आपला प्रश्न आहे.

बहुधा ठेवावे लागणार नाही. आधी तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणे थांबवा आणि त्या संदेशाचा शेवट नीट वाचा, कारण पुन्हा केव्हा मागता येईल ती तारीख आणि वेळ तिथेच दिलेली असते. ती वेळ यूटीसीमधली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली असते, म्हणून भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवा. नेमक्या त्याच नावांच्या (संकेतस्थळाच्या पत्त्यांच्या) संचासाठी ७ दिवसांत ५ प्रमाणपत्रे मिळतात, पण संपलेला कोटा दर ३४ तासांना एक या गतीने भरत जातो, त्यामुळे पुढच्या प्रमाणपत्रासाठी फार तर दीड दिवस थांबावे लागते. आधीची प्रमाणपत्रे रद्द केल्याने मात्र कोटा परत मिळत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

खरे तर थांबण्याचीही गरज नसावी. मिळालेली ५ प्रमाणपत्रे कुठे गेली, हे आधी शोधा. मी एका पतसंस्थेचे संकेतस्थळ सांभाळत असताना हाच प्रसंग आला होता. प्रत्येक बदलानंतर डॉकरचा नवा कंटेनर (संकेतस्थळ ज्यात चालते तो सर्व्हरवरचा सुटा कप्पा) उभा राहत होता, प्रमाणपत्रांचे फोल्डर कंटेनरबाहेरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे टिकून राहणाऱ्या साठवणीच्या जागी, ठेवलेले नव्हते, आणि म्हणून प्रत्येक नवा कंटेनर कोऱ्या पाटीने सुरू होऊन नवे प्रमाणपत्र मागत होता. सहाव्या वेळी नकार आला. पडद्यावर 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' हे वाचून एक वयस्क ठेवीदार पासबुक घेऊन थेट शाखेत आले आणि पैसे सुरक्षित आहेत ना, असे विचारू लागले. तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. सुदैवाने जुने कंटेनर थांबवलेले होते, पुसलेले नव्हते, आणि थांबलेल्या कंटेनरमधूनही फायली बाहेर काढता येतात. पाचवे प्रमाणपत्र त्याच्या खासगी किल्लीसह (जिच्याविना प्रमाणपत्र चालत नाही त्या गुप्त फाइलसह) सापडले आणि दहा मिनिटांत संकेतस्थळ पूर्ववत झाले.

आपल्या बाबतीत तर जुना सर्व्हर आहेच. प्रमाणपत्र सर्व्हरला नव्हे, नावाला दिलेले असते, त्यामुळे त्यावरचे ९० दिवसांचे प्रमाणपत्र संपले नसेल तर ते नव्या सर्व्हरवरही तितकेच चालते. सर्टबॉट हा प्रमाणपत्र मागून आणणारा प्रोग्राम वापरत असाल तर 'लेट्सएन्क्रिप्ट' हे अख्खे फोल्डर टार करून, म्हणजे एका फाइलमध्ये बांधून, न्या. त्यातल्या 'लाइव्ह'मध्ये केवळ दुवे असतात, खऱ्या फायली 'आर्काइव्ह'मध्ये असतात, आणि घाईने एकच भाग उचलला की नेमकी किल्ली मागे राहते. किल्ली गेली असेल तर प्रमाणपत्र पुन्हा उतरवून घेण्यात अर्थ नाही.

किल्ली कुठेच सापडली नाही, तर मागणीत आणखी एक नाव घाला, उदाहरणार्थ आतापर्यंत नसलेले 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'चे. अर्थात ते नावही आपल्या सर्व्हरकडेच वळवलेले असले पाहिजे. संच बदलला की ५ ची ही मर्यादा लागू होत नाही. एका नोंदणीकृत डोमेनला आठवड्याला ५० ही वेगळी मर्यादा तेवढी लागते. पण हा उपाय एकदाच वापरा, आणि तोही ड्राय-रन, म्हणजे खरे प्रमाणपत्र न घेता केलेली चाचणी, यशस्वी झाल्यावर. ड्राय-रनची विनंती चाचणीसाठीच्या स्टेजिंग सर्व्हरकडे जाते. तिथल्या मर्यादा पुष्कळ सैल आहेत आणि तिथली प्रमाणपत्रे ब्राउझर मानत नाहीत. सगळी जुळवाजुळव तिथेच करायची असते. ही सेवा चालवणारी आयएसआरजी ही ना-नफा संस्था २०१५ पासून साऱ्या जगाला फुकट प्रमाणपत्रे देत आहे, तेव्हा चाचण्यांचा भार तिच्या मुख्य सर्व्हरवर न टाकणे हे आपले कर्तव्यही आहे, असे मला मनापासून वाटते.

ड्राय-रनही फसत असेल तर दोष बहुधा पडताळणीत, म्हणजे ते नाव खरोखर आपल्या ताब्यात आहे का या तपासणीत, आहे. एका नावासाठी एका खात्याला तासाला ५ फसलेल्या पडताळण्यांचीच मुभा असते, म्हणून प्रत्येक प्रयत्नापूर्वी कारण शोधा. सर्व्हर हलवल्यानंतर मला सर्वाधिक वेळा आढळलेले कारण म्हणजे डीएनएसमधली (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीतली) जुनी आयपीव्ही६ नोंद, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्याची नोंद: आपण आयपीव्ही४चा पत्ता बदलतो, ती नोंद तशीच राहते, आणि लेट्स एन्क्रिप्ट आधी तिकडेच जाते. त्याखालोखाल बंद राहिलेले ८० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे साध्या एचटीटीपी जोडणीचे सर्व्हरवरचे दार.

पुढच्या नूतनीकरणासाठी एआरआय ही सोय असलेला अद्ययावत क्लायंट (सर्टबॉटसारखा प्रोग्राम) घ्या. केव्हा नूतनीकरण करावे हे तो लेट्स एन्क्रिप्टलाच विचारतो, आणि कोणत्या प्रमाणपत्राच्या जागी नवे हवे हे कळवून केलेल्या त्या नूतनीकरणाला यातली कोणतीही मर्यादा लागत नाही. तोवर जुन्या सर्व्हरचे भाडे संपू देऊ नका. ते 'लेट्सएन्क्रिप्ट' फोल्डर आजच उतरवून घ्या.