‘उत्तरीय तपासणी’ म्हणजे उपरण्याची तपासणी नव्हे

प्रश्न असा आलाय: पेपरात "मृतदेह उत्तरीय तपासणीसाठी पाठवला" असं छापून येतं, यातलं उत्तरीय म्हणजे नक्की काय, हे आणि शवविच्छेदन एकच का, आणि "उत्तरीय तपासणीत खून झाल्याचं निष्पन्न" असं लिहिणं बरोबर आहे का.

एकच. पोस्टमॉर्टेम, पीएम, शवविच्छेदन, उत्तरीय तपासणी, सगळं एकच, त्यात वेळ घालवत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे आणि त्यावर खाली येतोच, कारण रोज रात्री टीव्हीवर कुणीतरी "पीएम रिपोर्टमध्ये आत्महत्या स्पष्ट" नाहीतर "पीएम रिपोर्टमध्ये घातपात उघड" असं ओरडत असतं आणि ते ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. पण आधी उत्तरीय.

संस्कृतात उत्तरीय म्हणजे अंगावरून घ्यायचं वस्त्र. उपरणं, शेला, काय म्हणाल ते. अमरकोशात संव्यान आणि उत्तरीय असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी दिलेत. कमरेला नेसायचं ते अंतरीय, खांद्यावर टाकायचं ते उत्तरीय. त्यामुळे "प्रेत उत्तरीय तपासणीकामी ग्रामीण रुग्णालयात पाठविले" हे वाक्य संस्कृतवाल्या माणसाने वाचलं की त्याला वाटतं आता मयताचं उपरणं कुठे तपासायला नेलं.

मग हा शब्द इथे आला कसा? एका गृहस्थांनी मला ठणकावून सांगितलं की मृत्यूच्या कारणाचं "उत्तर" देणारी तपासणी म्हणून उत्तरीय. अहो, या हिशोबाने बोर्डाचे मॉडरेटर उत्तरपत्रिका तपासतात तीच खरी उत्तरीय तपासणी ठरेल. साफ चूक आहे ही, आणि अशी व्युत्पत्ती सांगणारे लोक "सॉरी" हा शब्द "स्वारी"वरून आला असंही सांगतात. दुसरा पक्ष म्हणतो "मरणोत्तर"मधलं मरण गाळलं आणि उरलेल्या उत्तरला ईय लावला. हे बरोबर, पण अर्धंच, कारण मरण गाळायचं धाडस कुणाला झालं आणि गाळल्यावरही लोकांना अर्थ कसा कळत राहिला हे त्यातून समजत नाही.

माझा सिद्धांत असा की हे काम उत्तरकार्याने केलं. आपल्याकडे "उत्तरकार्य अमुक दिवशी अमुक घाटावर" असं छापतात त्यात मृत्यूनंतर असं कुठेही लिहिलेलं नसतं, तरी शाळकरी पोराला पण कळतं कशाचं आमंत्रण आहे. उत्तरक्रिया पण तशीच. म्हणजे मराठीत नुसत्या "उत्तर"ला आधीपासूनच मरणाचा वास आहे, वेगळं मरण लिहावं लागत नाही. आणि नसेल लिहावं लागत तर मराठी माणूस ते लिहीत नाहीच, बांगडी फुटली तरी "वाढवली" म्हणणारे लोक आपण, फोडलेल्या नारळालासुद्धा "वाढवला" म्हणतो. तेव्हा पोलीस ठाण्यातल्या कुठल्यातरी रायटर हवालदाराने दिवसाला चार वेळा मरणोत्तर मरणोत्तर लिहायचा कंटाळा आणि जरासा संकोच म्हणून मरण उडवलं आणि उत्तरीय ठेवलं, आणि उत्तरकार्याच्या पुण्याईवर ते चाललं. भाषाशुद्धीवाले याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणतो त्या हवालदाराचा कान त्यांच्यापेक्षा चांगला होता.

आता खरी गंमत. उत्तर हा शब्द उद् आणि तर असा आहे. उद् म्हणजे वर, तर म्हणजे तुलनेत जास्त, लघुतर-गुरुतरमधला तर. म्हणजे "अधिक वरचा". त्यावरून नंतरचा, त्यावरून प्रश्नानंतर येणारा तो जबाब, आणि हिमालयाकडे जमीन चढत जाते म्हणून ती दिशा पण उत्तर. याच उद्-ला तम लावला की उत्तम, म्हणजे सगळ्यात वरचा, त्याच्यावर कोणी नाही. उत्तर आणि उत्तम सख्खे भाऊ, एक तुलनेचा, एक शेवटचा. आणि गोची इथेच आहे की उत्तरीय तपासणीला लोक उत्तम तपासणी समजतात. तिच्यावर काही नाही, ती आली की विषय संपला. तसं अजिबात नसतं, ती नेहमी कशाच्या तरी शेजारी ठेवून वाचायची असते, जागेचा पंचनामा, कपडे, जबाब, फोन, दवाखान्याचे केसपेपर.

डॉक्टर फॉर्मच्या शेवटी लिहितात ते मृत्यूचं कारण. खून, आत्महत्या, अपघात, नैसर्गिक हा मृत्यूचा प्रकार. कारण वेगळं, प्रकार वेगळा. "पाण्यात बुडून श्वास कोंडल्याने" हे कारण झालं, आता तो माणूस विहिरीत पाय घसरून पडला, उडी मारली की कुणी ढकलला हे फुप्फुसातल्या पाण्यावर लिहिलेलं नसतं. कधीकधी कारणच बोलकं असतं हे मान्य, हाताने गळा दाबून कोणी स्वतःला मारू शकत नाही, कारण शुद्ध गेली की हात सैल पडतात, तिथे डॉक्टर सरळ तसं म्हणतात. पण एरवी प्रकार ठरवायचं काम तपास अधिकाऱ्याचं आणि शेवटी कोर्टाचं. म्हणून "उत्तरीय तपासणीत खून निष्पन्न" हे बहुतेक वेळा चूक, "उत्तरीय तपासणीत गळा दाबल्याच्या खुणा आढळल्या" हे बरोबर. दोन शब्द जास्त लागतात, लागू देत की.

ठाण्यातल्या मराठीवरून आठवलं, हे वाक्य बघा: "मयत इसमाचे प्रेताचा पंचनामा करून पीएमकामी रवाना." मयत अरबी. इसम अरबी, मुळात अर्थ "नाव". प्रेत संस्कृत, प्र अधिक इत, "पुढे गेलेला", इतका सुंदर शब्द आणि आपण त्याला भुताखेतांत बसवला. पंचनाम्यातला पंच आपला आणि नामा फारसी, राजीनामा-करारनाम्यातला, म्हणजे लेख. पीएम लॅटिन. सात शब्दांत चार भाषा, आणि लोक म्हणतात पोलिसांना भाषा येत नाही.

आणि पंचनामा म्हटला की ऑटोप्सी आलीच. ऑटोप्सी म्हणजे शवविच्छेदनाचंच दुसरं इंग्रजी नाव. शब्द ग्रीक, ऑटो म्हणजे स्वतः (रिक्षात बसतो तोच) आणि ऑप्सिस म्हणजे पाहणं (चष्मेवाल्या ऑप्टिशियनमधलं). "स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं" एवढाच अर्थ, त्यात ना प्रेत ना सुरी. आता सांगा, आपल्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचं काम कायद्याने कुणाला दिलंय? पंचांना! अकस्मात मृत्यू झाला की पोलिसांनी जागेवर जाऊन आसपासच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर प्रेतावरच्या जखमा, मोड, वळ, खुणा लिहून काढायच्या, पूर्वीच्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १७४, जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. याला कागदोपत्री मरणोत्तर पंचनामा म्हणतात. म्हणजे शब्दशः ऑटोप्सी ही पंचनाम्यालाच शोभते, डॉक्टर करतात ते विच्छेदन. यावर एका डॉक्टर मित्राने माझ्याशी अर्धा तास वाद घातला, त्याचं म्हणणं शब्दाचा अर्थ वापरावर ठरतो. ठरतो ना, मग उत्तरीयला का हसतोस?

आता ज्या शब्दाने सगळ्यात जास्त घोळ घातलाय तो: "राखून ठेवला". "व्हिसेरा राखून ठेवला" (व्हिसेरा म्हणजे शरीरातले आतले अवयव) आणि "मृत्यूच्या कारणाबाबत मत राखून ठेवलं", दोन्हीकडे मराठीत एकच क्रियापद. पहिल्यात अर्थ जपून ठेवणं, म्हणजे जठर आणि आतलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडांचे भाग रुंद तोंडाच्या बरणीत मिठाच्या संपृक्त पाण्यात बुडवायचे, झाकण बांधून लाखेचं सील मारायचं, लेबल लावायचं आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत धाडायचं, ठाण्यात अजून "सी.ए.ला पाठवला" असंच म्हणतात, केमिकल अॅनालायझरचा काळ आठवून. दुसऱ्यात अर्थ मत आत्ता न देणं, प्रयोगशाळेचं कळल्यावर देऊ. दोन्हीही नेहमीचे प्रकार. पण बातमी अशी होते की "डॉक्टरांनी अहवाल राखून ठेवल्याने संशय बळावला", जणू डॉक्टरांनी टेबलाखाली लपवला. मत राखलं, अहवाल नव्हे, आणि बरणीत मीठ आहे, भानगड नाही.

त्याच्या पुढची चूक: प्रयोगशाळेने "तपासणीत विष आढळलं नाही" कळवलं की "विषप्रयोग झालाच नाही" अशी हेडलाइन. आढळलं नाही आणि नव्हतं यात फरक आहे हे सांगायला मला पुण्याचीच एक केस पुरते. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, पैसेवाल्या विधवा आणि मधुमेही, त्यांच्या डॉक्टरबरोबर रेल्वेने मुंबईला निघाल्या. डॉक्टर म्हणजे अनंत चिंतामण लागू. पहाटे त्या बेशुद्ध अवस्थेत जीटी हॉस्पिटलमध्ये, नाव खोटं लिहिलेलं, आणि १३ तारखेला दुपारच्या आत गेल्या. प्रेत न्यायला कोणी आलं नाही. शवविच्छेदन झालं ते बऱ्याच दिवसांनी, व्हिसेऱ्यात विष मिळालं नाही, आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या बेशुद्धीने मृत्यू झाला असू शकतो असं मत दिलं. आजची चॅनेल असती तर "नैसर्गिक मृत्यू, पीएममध्ये स्पष्ट".

कोर्टाने काय केलं? अहवाल इतर गोष्टींच्या शेजारी ठेवला. डायबेटिक कोमा असता तर लघवीत अॅसिटोन सापडायला हवं, त्याचं काय? घरचा डॉक्टर खोटं नाव का सांगतो, मेल्यावर प्रेत का टाकून जातो, आणि बाई जिवंत आहेत असं भासवणारी पत्रं का पाठवतो, त्यांचे पैसे का उचलतो? पुण्याच्या सेशन्स कोर्टाने फाशी दिली, हायकोर्टाने कायम केली, आणि डिसेंबर १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशी तीच ठेवली. न्या. हिदायतुल्लांनी बहुमताचा निकाल लिहिला की विष सापडलं नाही एवढ्यावर आरोपी सुटत नाही, परिस्थिती सगळी मिळून बघायची. न्या. सरकारांचं मत वेगळं पडलं, मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध नाही असं त्यांचं म्हणणं. तो वेगळा निकाल फेकून देण्यासारखा नाही बरं, पण बघा, दोघांनाही अहवालाने "खून" किंवा "खून नाही" असं सांगितलेलं नव्हतं. तोच कागद वाचून तीन न्यायमूर्ती दोन बाजूंना गेले.

(जाता जाता: ही केस मुंबईत कॉरोनरच्या हद्दीतली होती. मुंबईत १९९९ पर्यंत कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता. कॉरोनर म्हणजे मुळात राजमुकुटाचा माणूस, लॅटिन कोरोना म्हणजे मुकुट. हो, तोच कोरोना, त्या विषाणूला पण मुकुटासारखे काटे म्हणून.)

अजून एक, मग थांबतो. "अंगावर काळेनिळे डाग होते, मारहाण झाली" किंवा "अंग निळं पडलं होतं, विषच दिलं". वादाच्या मृत्यूत नातेवाईक हे म्हणतातच, आणि त्यांच्या जागी आपणही म्हणू, त्यांना दोष नाही. पण पत्रकाराने विचारावं की डाग कुठे होते. हृदय थांबलं की रक्त जड म्हणून खाली उतरतं, उताणं पडलेलं प्रेत असेल तर पाठीवर जांभळट पट्टे येतात, मात्र खांद्याची पाती आणि ढुंगण जिथे जमिनीला टेकतं तिथे दाबाने रक्त शिरत नाही, तेवढी जागा पांढरट राहते. याला मरणोत्तर काळसरपणा म्हणतात, आणि मुका मार ओळखायला डॉक्टर तिथे छेद देऊन पाण्याने धुतात: काळसरपणातलं रक्त नसांमध्येच असतं, ते धुऊन जातं, मारलेल्या जागचं रक्त पेशींत मुरलेलं असतं, ते जात नाही. मराठीने दोन्हीला "काळंनिळं" हा एकच जोडशब्द ठेवलाय ही अडचण खरी आहे, पण नीलकंठामुळे निळं म्हणजे विष असं जे आपल्या डोक्यात बसलंय त्याला शब्दकोश काय करणार.

मूळ प्रश्नात एक शेपूट होतं ते राहिलं, व्हिसेरा की विसेरा की विसरा. व्हिसेरा. लॅटिनमध्ये ते अनेकवचन आहे, एकवचन व्हिस्कस, पण मराठीत "व्हिसेरा पाठवला, व्हिसेरा आला" असं एकवचनी पुल्लिंगी रुळलंय ते तसंच राहू द्या, "व्हिसेरे" वगैरे करू नका. "विसरा अहवाल" हे हिंदी बातम्यांवरून घाईत उतरवणाऱ्यांचं पाप आहे, हिंदीत बिसरा आणि विसरा दोन्ही चालतात, मराठीत विसरा म्हटलं की माणूस विचारणार, काय विसरू?